जात्याशेजारची विद्या

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘तत्त्वज्ञान आणि नित्याचे जीवन’ या विषयावर काही लिहून द्यावे, अशी चिटणीसबाईंची सूचना आली, तेव्हा प्रथम मन कचरलेच. षड्दर्शने, ब्रह्मसूत्रे आणि त्यांवरील भाष्ये हा पंडितांचा प्रांत. त्यात आपण संसारी बायकांनी पाऊल कसे घालावे? परंतु थोडा विचार केल्यावर या शंकेतच लेखाचा विषय सापडला. ही विद्या आपली नव्हे असे आपण सहज म्हणतो; पण इतिहास काय सांगतो? आपल्या आज्या-पणज्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांना ज्ञानही नव्हते असे म्हणता येईल काय? आणि ज्ञान होते, तर ते त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेने आले? ती वाट आज वाहती आहे की बुजली? एवढाच शोध या लेखात घेण्याचे योजिले आहे. त्यासाठी फार दूरही जावे लागत नाही. कुर्डुवाडीहून सकाळी निघून रात्री घरी परतता येईल, एवढ्या टापूत त्यातील बरीच ठिकाणे आहेत.

आरंभ मात्र जुन्या काळापासून करावयास हवा. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा प्रसिद्ध संवाद आहे. याज्ञवल्क्य घर सोडून निघण्याच्या बेतात आहेत. मैत्रेयी आणि कात्यायनी या दोन पत्नींमध्ये मालमत्तेची वाटणी करावी, असा त्यांचा विचार. त्या वेळी मैत्रेयी विचारते, की सारी पृथ्वी धनाने भरून मला दिली, तरी मी अमर होईन काय? याज्ञवल्क्य प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतात. मग जे मला अमर करीत नाही ते घेऊन मी काय करू, असे ती म्हणते आणि तुम्हांला जे ठाऊक आहे तेच मला सांगा, असा आग्रह धरते. त्यावर याज्ञवल्क्य तिला आत्म्याविषयी सांगतात : तो ऐकावा, त्याचे मनन करावे, त्याचा निदिध्यास घ्यावा. श्रवण, मनन आणि निदिध्यास या वेदान्तातील तीन पायऱ्यांचे हे मूळ होय. भगिनींनो, हा उपदेश एका स्त्रीला झाला, तोही घरात, वाटणीच्या बोलण्यातून, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. शिवाय या तिन्ही पायऱ्यांपैकी एकीलाही पाटी-पेन्सिल लागत नाही.

पुढे काळ बदलला. वेदाध्ययनाचा अधिकार स्त्रियांना आणि शूद्रांना नाही, असे धर्मशास्त्रकारांनी ठरविले. विद्या संस्कृतात राहिली आणि संस्कृत मोजक्या घरांत राहिले. मैत्रेयीच्या लेकींना ऐकण्याचेही दार बंद झाले. ते दार मराठीने उघडले. इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि नऊ हजारांच्या आसपास ओव्यांतून वेदान्त मराठी माणसाच्या कानी घातला, हे आपण सर्व जाणतो. पण यासाठी त्यांनी छंद कोणता घेतला? ओवीचा. आणि ही ओवी मूळची कोणाची? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ आहे. तो बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचा. राजनीतीपासून पाकशास्त्र व संगीतापर्यंत अनेक विषय त्यात आले आहेत. त्यात गाण्यांचे प्रकार सांगताना महाराष्ट्रातील स्त्रिया धान्य कांडताना ओवी गातात, अशी स्पष्ट नोंद आहे. राजाच्या संस्कृत ग्रंथात आपल्या उखळ-मुसळाची दखल घेतली गेली, हे तर खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की कांडणाऱ्या बायकांच्या ओठांवर जी ओवी होती, त्याच नावाच्या छंदात पुढे मराठीतील सर्वश्रेष्ठ तत्त्वग्रंथ उभा राहिला. ही विद्या आपल्याकडे आली ती परकी होऊन आली नाही. ती आपल्याच चालीवर आली.

आता आपल्या माढा तालुक्याकडे वळू. मोडनिंबजवळचे अरण हे गाव आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. संत सावता माळी तेथले. १२९५ मध्ये अरण येथेच त्यांनी देह ठेवला. पंढरपूर इतके जवळ असूनही सावतोबा वारीला जात नसत, असे परंपरा सांगते. मळ्यातील भाजीत, कांद्या-मुळ्यात, मोट-विहिरीत त्यांना विठ्ठल दिसे. मळा शिंपणे हीच त्यांची पूजा. ते देवाकडे गेले नाहीत म्हणून देवच त्यांच्याकडे येतो, या भावनेने पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला आणण्याची प्रथा पडली. कर्म करीत असता ते ईश्वराला अर्पण करावे, हा गीतेतील कर्मयोग. त्यावर मोठमोठी भाष्ये झाली आहेत. आपल्या तालुक्यातील एका माळ्याने मात्र तो खुरपे हातात धरून आचरला. सकाळच्या घाईत देवपूजेला वेळ मिळाला नाही म्हणून हळहळणाऱ्या गृहिणीने अरणची ही शिकवण आठवावी. पोळी लाटणे आणि पूजा करणे यांत सावतोबांनी भेद मानला नसता.

जे अरणला मळ्यात झाले, तेच पंढरपुरात जात्यापाशी झाले. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच नामदेवांच्या घरी आली आणि दासी म्हणून राबली. दळण, कांडण, शेणी वेचणे, पाणी भरणे हीच तिची दिनचर्या. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग मिळतात. त्यांत केवळ भोळी भक्ती नाही. अद्वैताचा अनुभवही आहे. खाणारा, पिणारा, देणारा, घेणारा सारे एकच, हे तिला ग्रंथ वाचून कळलेले नाही. नामदेवांच्या घरी अखंड कीर्तन चाले. ते तिने ऐकले आणि दळता दळता मनात घोळविले. पंढरपूरजवळ गोपाळपुरास जनाबाईचे म्हणून जाते दाखवितात. देव तिच्याबरोबर दळू लागला, ही कथा कोणी चमत्कार म्हणून ऐको वा रूपक म्हणून. तीत एक गोष्ट खचित आहे. या बाईला एकटेपणी दळावे लागे, आणि त्या एकटेपणाचे तिने मनन केले.

परंतु हे सारे सांगताना एक कटू सत्य झाकून ठेवणे योग्य नव्हे. ऐकण्याची वाट सर्वांना सारखी मोकळी नव्हती. मंगळवेढ्याचे चोखामेळा आणि त्यांची पत्नी सोयराबाई यांना विठ्ठलाचे नाव घेता आले, पण मंदिरात जाता आले नाही. सोयराबाईने आपल्या अभंगांत जो प्रश्न विचारला, तो कोणत्याही दर्शनकाराला निरुत्तर करील असा आहे. देहाला विटाळ आहे म्हणता, तर विटाळावाचून जन्मलेला देह कोणाचा? देह असा आणि आत्मा शुद्ध, तर मग सोवळे कोण आणि ओवळे कोण? शिवाशिवीने सर्वांत अधिक पोळलेल्या स्त्रीने देह आणि आत्मा यांचा विवेक इतक्या नेमकेपणाने करावा, याचे नवल वाटते आणि लाजही वाटते. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी पंढरपुरी महाद्वारासमोर आहे. दाराच्या आत मात्र त्यांच्या लोकांना सहाशे वर्षे जाता आले नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. इरावतीबाई कर्वे वारीबरोबर चालल्या, त्यांनीही हेच शल्य लिहून ठेवले आहे. मुखी एकच नाम घेत सारे चालत होते, पण जेवणाच्या पंगती जातीजातींच्या वेगळ्या होत्या. श्रवण घडले, मनन झाले नाही, की असे होते.

स्त्री म्हणूनही अडसर होतेच. वेरूळच्या परिसरातील देवगावची बहिणाबाई (१६२८–१७००) ब्राह्मण घरची. पण त्यामुळे तिची वाट सोपी झाली असे नाही. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात तिने तुकोबांचे अभंग ऐकले आणि तिने मनोमन तुकोबांना गुरू केले. नवऱ्याला ते मानवले नाही. तुकोबा जातीने शूद्र. त्यांना ब्राह्मणाच्या बायकोने गुरू मानावे हे त्याला सहन झाले नाही, आणि त्याने तिला मारले. हे सारे तिने आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत स्वतःच सांगितले आहे. वेद-पुराणे जर स्त्रीला हीन म्हणतात, तर स्त्रीदेहाला परमार्थ कसा साधावा, हा प्रश्न ती उघडपणे मांडते. आणि पुढे हीच बाई ‘वज्रसूची’ या संस्कृत उपनिषदाचा आशय मराठी अभंगांत आणते. ब्राह्मण म्हणजे कोण? जीव ब्राह्मण, की देह, की जात, की विद्या, की कर्म? एकेक पक्ष घेऊन तो खोडून, ज्याला ब्रह्म कळले तोच ब्राह्मण, असा त्या ग्रंथाचा निष्कर्ष. ज्या प्रश्नावरून तिला मार बसला होता, त्याच प्रश्नाचा तिने निकाल लावला. तिच्याच काळात मिरजेकडे बालविधवा वेणाबाई समर्थांची शिष्या झाली, उभी राहून कीर्तन करू लागली आणि ‘सीतास्वयंवर’ लिहून गेली. विधवेने चारचौघांत तोंड दाखवू नये असे ज्या काळी मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे.

यानंतर घरोघरच्या चातुर्मासात ज्यांचे नाव अजून घेतले जाते, ते श्रीधरस्वामी आले. तेही आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, सांगोले तालुक्यातील नाझरे गावचे. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ त्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत रचले आणि १७१८ मध्ये ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील कथा त्यांनी इतक्या सोप्या, रसाळ ओवीत आणल्या, की एकीने वाचावे आणि दहाजणींनी निवडत-टिपत ऐकावे. श्रावणातील दुपारी ओसरीवर एक पोथी उघडली, की आळीचे विद्यालय भरे. त्याला पटावरची हजेरी नव्हती, इतकेच.

अशा रीतीने श्रवण घडे. मग मनन कोठे घडत होते? माझ्या मते त्याचे उत्तर एकच : जात्यापाशी. पहाटे चारला उठून दोघी समोरासमोर बसत. खुंटा हाती, पाळूत मूठमूठ धान्य आणि ओठांवर ओवी. कालच्या कीर्तनात ऐकलेली सीता आज जात्यावर येई, पण जशीच्या तशी येत नसे. कीर्तनकार रामाचा थोरपणा सांगून गेलेला असे. दळणारी मात्र गर्भारपणी वनात धाडलेल्या सीतेची बाजू घेई. जात्याला देव म्हणे, विठ्ठलाला भाऊ म्हणे, रुक्मिणीचे रुसणे समजून घेई. ऐकलेले ज्ञान स्वतःच्या सासर-माहेराशी ताडून पाहणे आणि न पटेल तेथे प्रश्न करणे, याहून मनन ते निराळे काय असते? साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या जमवून ठेवल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या खंडांतून त्या छापल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. यांतील एकाही ओवीला कवयित्री म्हणून मान मिळाला नाही, पण ग्रंथालयाच्या कपाटात न मावणारे हे भाष्य आहे.

आता या कथेत आपले कुर्डुवाडी येते. १८६० पर्यंत मुंबईकडील लोहमार्ग सोलापुरास पोहोचला आणि आपल्या गावाजवळ ठाणे झाले. त्याला ‘बार्शी रोड’ म्हणत. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरच्या कंपनीची अडीच फुटी रुळांची गाडी येथून बार्शीस धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपुरास गेली, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस. सारा मार्ग सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. १९५४ मध्ये तो सरकारने विकत घेतला, आणि २००० नंतरच्या काळात रूळ मोठ्या मापाचे होऊन ती लहानगी गाडी दृष्टीआड झाली. कंपनीने ती नफ्यासाठी काढली हे उघड आहे. परंतु तिने नकळत एक काम केले. पैठणहून नाथांची पालखी आपल्या माढा तालुक्यातून पायी जाते. आळंदी-देहूच्या पालख्या पलीकडच्या वाटेने येतात. त्यांच्याबरोबर पंधरा-वीस दिवस चालण्याइतकी मोकळीक किती सुनांना मिळे? तान्हे मूल असलेली, गुडघे धरलेली, घरी दुभते असलेली बाई कशी जाणार? कुर्डुवाडीच्या फलाटावर मोठी गाडी सोडून लहान गाडीत बसले, की पन्नासेक किलोमीटरवर पंढरी. दर्शन घ्यावे, वाळवंटात कीर्तन ऐकावे आणि परत यावे, हे आता शक्य झाले. आषाढी-कार्तिकीला या फलाटावर वऱ्हाडापासून कर्नाटकापर्यंतच्या बायका गाठोडी उशाशी घेऊन गाडीची वाट पाहत. आणि गाडी येईपर्यंत एकीची ओवी दुसरीच्या गावी जाई. आपले गाव म्हणजे केवळ रुळांचे जंक्शन नव्हते.

पुढे श्रवणाची सोय वाढतच गेली. छापील पोथ्या स्वस्त झाल्या. मुली शाळेत जाऊ लागल्या. १९५३ मध्ये पुण्यास आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि १९५५ पासून वर्षभर ‘गीतरामायण’ दर आठवड्याला घराघरांत ऐकू आले. आज तर हातातल्या फोनवर हव्या त्या वेळी, हव्या त्या बुवांचे प्रवचन लावता येते. जनाबाईला जे कीर्तन नामदेवांच्या दाराशी ऐकावे लागे, ते आपण भाजी चिरताना ऐकतो.

आणि याच काळात पिठाची गिरणी आली. तिचे उपकार थोडे नाहीत. पहाटेचे दळण म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांना विचारावे. माझी आजी सांगे, की बाळंतपणानंतर पुरता महिना होत नाही तोच खुंटा धरावा लागे, आणि हातांच्या घट्ट्यांमुळे लुगड्याची किनार अडकत असे. ते कष्ट परत यावेत असे कोणीही शहाणी बाई म्हणणार नाही. परंतु जाते थांबले तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट थांबली. ऐकलेल्यावर विचार करण्याची, दुसरीसमोर तो बोलून दाखविण्याची, पुराणातल्या राजाला प्रश्न विचारण्याची ती पहाटेची वेळ गेली. श्रवणाची सोय शतपटीने वाढली आणि मननाची जागा मात्र गेली, हा माझ्या मते गेल्या शंभर वर्षांतील आपल्या विद्येचा खरा इतिहास आहे. आजीला सही करता येत नव्हती; पण हरिपाठ तिला पाठ होता आणि त्यातील कोणती ओळ आपल्याला पटत नाही, हेही ती सांगे. मी पदवीधर आहे. प्रवचने पुष्कळ ऐकते. पण त्यांतील एखाद्या वाक्याशी मी शेवटचे कधी भांडले, हे मला आठवत नाही.

मग ही जागा आता कोठे सापडावी? मला वाटते, ती आपल्या मंडळात सापडावी. मंडळ म्हणजे चारचौघींनी समोरासमोर बसणेच होय. आपण भजन करतो, पारायण करतो, ते उत्तमच आहे. त्यात एका तासाची भर घालावी. आठवड्यातून एकदा एकच ओवी किंवा एकच अभंग घ्यावा, एकीने वाचावा आणि प्रत्येकीने तो आपल्या घराशी ताडून बोलावे. पटले ते सांगावे, न पटले तेही सांगावे. ज्या वृद्ध भगिनींना जात्यावरच्या ओव्या अद्याप आठवतात, त्यांच्याकडून त्या लिहून घ्याव्यात. हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही, हे त्यांच्या वयाकडे पाहून कोणीही सांगेल.

राहता राहिला निदिध्यास. तो आचरणातच दिसावयाचा. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे सरकारनेही इतर गावांना तसे सुचविले. ते वाचून मला आपल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी आठवली. त्या यादीत जी नावे नसतात, त्यांतील काहीजणी याच मंडळात टाळ घेऊन आपल्या शेजारी बसतात. आत्मा सर्वांचा एक, हे आपण त्यांच्याबरोबर म्हणतो आणि वाण देताना त्यांना वगळतो. सोयराबाईचा प्रश्न सातशे वर्षांनंतर आपल्याच दाराशी येऊन उभा राहिला आहे. वेणाबाईने कीर्तनाला उभे राहताना कोणाची परवानगी मागितली असती, तर ती उभी राहिली नसती.

म्हणून या वर्धापनदिनी एक विनंती करून लेखणी थांबविते. येत्या संक्रांतीस आपल्या मंडळाचे हळदीकुंकू सर्व भगिनींचे असावे. निमंत्रणाची यादी सभासदांच्या नोंदवहीवरून करावी, एकही नाव न गाळता. सभेपुढे हा ठराव मांडण्याची माझी तयारी आहे; अनुमोदनासाठी एक भगिनी पुढे यावी.